दुधाचा दात : पडणारच आहे, पण वेळेवर पडू द्या



रोवणी सुरू व्हायच्या आधीची एका गटाची बैठक. बचत जमा झाली, परतफेडीचे आकडे वहीत चढले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. कोणाला खतासाठी पैसे हवे होते, कोणाला पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी. शेवटी एक ताई हळूच म्हणाल्या, "मले दीड हजार पाहिजे होते. पोरीची दाढ दुखते. रात्रभर झोपत नाही."

"किती वर्षांची हाये?" अध्यक्षताईंनी विचारलं.

"सहा संपले."

"मंग दुधाचीच हाये न? काढून टाका. पडणारच हाये ते." बाजूच्या ताई असं म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मागणी करणाऱ्या ताईही हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या मंग."

मी मात्र हसले नाही. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आणि तेही आमच्याच घरात.

मी दुसरीत होते तेव्हा माझी वरची मागची दाढ दुखायला लागली. रोवणीचे दिवस होते, घरात कोणाला वेळ नव्हता. बाबा आठवडी बाजारात गेले तेव्हा मला घेऊन गेले आणि तिथं बसणाऱ्या एका माणसाने दाढ काढून दिली. दोन मिनिटांचं काम. आजीने ती दाढ कौलावर फेकली आणि उंदीरमामाकडून नवीन दात मागून घेतला. दुखणं थांबलं, सगळे खूश.

पुढे चार-पाच वर्षांनी त्याच बाजूचा माझा सुळा दातांच्या रांगेत न येता वर, हिरडीतून बाहेर आला. दातावर दात. शाळेत पोरं चिडवायची म्हणून मी हसताना तोंडावर हात ठेवायला लागले. समाजकार्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतीतही तो हात तसाच तोंडाजवळ होता. नागपूरला शिकत असताना त्या सुळ्यामागचा दात किडला, तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी दुधाची दाढ काढली होती का, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. तेव्हा मला सगळं उलगडलं. उंदीरमामाने दात दिला होता, पण तो बसायला जागा कुठं होती?

माझ्या बाबांची यात चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून या अंकात हा पाठ. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा.

दुधाचे दात नेमकं काय करतात?

दुधाचे दात एकूण २० असतात. वर १०, खाली १०. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. चावणं, बोलणं, हसणं ही कामं आपल्याला दिसतात. एक काम मात्र दिसत नाही, ते म्हणजे जागा राखणं.

एसटी स्टँडवर गर्दी असली की आपण काय करतो? खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. रुमाल आहे तोवर सीट आपली. कोणी रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो, आणि आपण बसमध्ये चढेपर्यंत जागा गेलेली असते. दुधाचा दात म्हणजे हाच रुमाल. त्याच्या खाली, हाडाच्या आत, कायमचा दात तयार होत असतो. तो वर येईपर्यंत त्याची सीट दुधाचा दात राखून ठेवतो. कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताची मुळं हळूहळू विरघळतात, दात हलतो आणि आपोआप पडतो. रुमाल उचलला आणि धनी बसला. असं वेळेवर पडणं चांगलं.

पण धनी यायला अजून चार वर्षं असताना रुमाल उचलला, तर?

मोजून पाहा : पाच आणि सहा

पोराला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा. समोरच्या दोन दातांच्या मधून सुरू करा आणि एका बाजूने मागे मोजत जा. एक, दोन हे पुढचे दात. तीन म्हणजे सुळा. चार आणि पाच या दुधाच्या दाढा. दुधाचे दात इथं संपतात.

त्यामागे सहावी दाढ दिसली तर ती दुधाची नाही, कायमची आहे. ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसते, कारण ही दाढ येताना एकही दात पडत नाही. साधारण सहाव्या वर्षी ती गुपचूप मागून येते. आपण तिला दुधाची समजतो, ती किडली तरी "पडेल आणि नवीन येईल" म्हणतो. ती पडली तर तिथं दुसरी येणार नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहावी दाढ सहाव्या वर्षी येते. आणि पाचवी दाढ पोरगं पाचव्या वर्गात जाईपर्यंत टिकली पाहिजे. पुढचे दात सहा ते आठ वर्षांत बदलतात, पण चौथी दाढ साधारण ९ ते ११ व्या वर्षी आणि पाचवी १० ते १२ व्या वर्षी पडते. म्हणजे आमच्या गटातल्या त्या सहा वर्षांच्या मुलीची दाढ अजून किमान चार वर्षं कामाची होती.

जागा जाते कशी?

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. ते हळूहळू सरकू शकतात, आणि मागच्या दाढांचा कल पुढे सरकण्याकडे असतो. समजा पाचवी दाढ सातव्या वर्षीच काढली. तिच्यामागे नुकतीच आलेली सहावी दाढ आहे. तिला पुढे अडवणारं कोणी उरलं नाही, म्हणून ती पुढे झुकते, सरकते. धुऱ्याचा दगड निघाला की शेजारचा नांगर दर वर्षी थोडा थोडा आत येतो, तसंच. फरक एवढाच की दात वर्षभर थांबत नाही. पहिल्या सहा महिन्यांतच बरीचशी जागा जाऊ शकते.

पुढे खालचा कायमचा दात यायला निघतो तेव्हा त्याला जागा कमी पडते. मग तो जिभेकडे किंवा टाळूकडे येतो, वाकडा येतो, नाहीतर हाडातच अडकून राहतो. वरच्या जबड्यात सुळा उशिरा येतो. तोवर आधी आलेल्या दातांनी जागा व्यापलेली असते, म्हणून सुळा बाहेर फेकला जातो. माझं हेच झालं.

एकाच बाजूचा दुधाचा सुळा लवकर गेला तर पुढचे दात त्या बाजूला सरकतात आणि वरच्या-खालच्या दातांची मधली रेघ जुळत नाही. वरचे दात खालच्या दातांवर नीट बसले नाहीत की चावताना जोर भलत्याच ठिकाणी येतो. पोरगं एकाच बाजूने चावायला लागतं. दातावर दात आले की मध्ये अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, आणि चांगले दातही किडतात. म्हणजे हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही.

मात्र एक खरं सांगते. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही. समोरचे दुधाचे दात पडून-झडून लवकर गेले तर जागा सहसा फार कमी होत नाही. दाढ पडायची वेळ जवळच आली असेल तरीही भीती कमी. आणि दात वाकडे येण्याला जबड्याचा आकार, घराण्याची ठेवण, अंगठा चोखायची सवय अशीही कारणं असतात. सगळ्यात जास्त नुकसान पाचवी दाढ लवकर गेल्याने होतं. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवा.

दाढ दुखते, मग काय करायचं?

दुखणाऱ्या पोराला तसंच ठेवा, असं मी म्हणत नाही. किडलेल्या दाताखाली पू झाला तर त्याचा त्रास खाली वाढणाऱ्या कायमच्या दातालाही होऊ शकतो. पण "काढून टाका" म्हणायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : "ही दाढ वाचवता येईल का?"

कीड थोडी असेल तर ती साफ करून दात भरता येतो. खोल गेली असेल तर दुधाच्या दाताच्याही नसेवर उपचार होतो आणि वरून स्टीलची टोपी बसवतात. अशी दाढ वेळ येईपर्यंत काम देते आणि नंतर आपोआप पडते.

दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढावीच लागते. मग दुसरा प्रश्न विचारा : "जागा राखायला काही बसवावं लागेल का?" शेजारच्या दाढेवर स्टीलचं एक कडं बसवतात आणि त्याला तारेचा एक फास असतो. तो फास पुढच्या दाताला टेकून राहतो, मागची दाढ सरकत नाही. डॉक्टर त्याला स्पेस मेन्टेनर म्हणतात. हाही एक रुमालच, तारेचा. दाढ काढल्यावर हे काम लवकर करायचं असतं. ते बसवल्यावर चिकट चॉकलेट, चिक्की टाळायची, कडं सैल झालं तर लगेच दाखवायचं, आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा तपासायला न्यायचं. खालचा दात वर आला की ते काढून टाकतात. प्रत्येक पोराला त्याची गरज असतेच असं नाही, कधी एक्स-रे पाहून डॉक्टर "नको" म्हणतील. पण विचारायचं आपण. पुढे दात वाकडे आल्यावर तारा लावून सरळ करायचं म्हटलं तर साधारण दीड-दोन वर्षं फेऱ्या माराव्या लागतात आणि खर्चही कितीतरी जास्त येतो.

बाजारात, जत्रेत बसून दात काढणाऱ्याकडे पोराला नेऊ नका. हत्यार स्वच्छ आहे की नाही ते कळत नाही, आणि तो दाढ मोजत नाही. सहावी काढली तर ती कायमची गेली. दुखऱ्या दाढेत तंबाखू, चुना, गुडाखू भरू नका. आणि गालावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

या गोष्टींनी घाबरू नका

सहा-सात वर्षांच्या पोराचे खालचे नवीन दात कधी दुधाच्या दातांच्या मागे येतात, दोन रांगा दिसतात. बहुतेक वेळा पुढचा दुधाचा दात पडला की जीभ नवीन दाताला पुढे ढकलते. दुधाचा दात हलतच नसेल तर दाखवा.

आठ-नऊ वर्षांच्या पोराचे वरचे समोरचे दात मोठे दिसतात आणि मध्ये फट असते. कायमचे सुळे आल्यावर ही फट बऱ्याचदा आपोआप भरते.

पडून दुधाचा दात मुळासकट निघाला तर तो परत बसवायचा नसतो. पण कायमचा दात निघाला तर त्याचं मूळ न घासता, पांढऱ्या भागाला धरून दुधात टाका आणि तासाभराच्या आत डॉक्टरांकडे पोचा. तो वाचू शकतो.

घरी काय करायचं?

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी केली होती. त्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले. पाच वर्षांची म्हणजे आपल्या अंगणवाडीतली पोरं. म्हणून सुरुवात घरापासून.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने दात जास्त किडतात. सकाळी चहा-बिस्किट, शाळेत जाताना चॉकलेट, दुपारी पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी पुन्हा चहा. तोंडाला विसावाच नाही. गोड द्यायचं तर जेवणासोबत एकदा द्या. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, काकडी, पेरू, सीताफळाच्या दिवसांत सीताफळ द्या. बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून झोपवू नका.

दात दोनदा घासायचे, आणि रात्री झोपायच्या आधीचं घासणं चुकवायचं नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. आपण धानवाल्या, तांदळाचा दाणा आपल्याला वेगळा सांगायला नको. सात-आठ वर्षांपर्यंत पोराच्या हातात ब्रश देऊन मोकळं होऊ नका, शेवटचा हात आईचा, आजीचा किंवा बाबांचा फिरू द्या. आणि तायांनो, आपल्यापैकी काही जणी अजून गुडाखू लावतात. पोरं आपलं पाहून शिकतात. लहान पोराच्या दातांना गुडाखू किंवा राख लावू नका.

कुठं दाखवायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यात किडलेले दातही पाहतात. पुढच्या उपचारासाठी सरकारी दवाखान्यात पाठवतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा आणि त्या दिवशी पोराला शाळेत पाठवाच. शेतावर नेऊ नका. जमलं तर स्वतः जा आणि पथकाला सांगा, "दाढा पाहा."

तालुक्याच्या दवाखान्यात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंकडून समजून घ्या. मोठं काम असेल तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, ते १९६८ पासून चालू आहे. तिथं लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. गोंदियाहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. जाताना पोराचं आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे कागद सोबत ठेवा.

त्या कर्जाचं काय झालं?

त्या बैठकीत मी माझी गोष्ट सांगितली. तोंडावरचा हात काढून सुळाही दाखवला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या ताई "काढून टाका" म्हणाल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "द्या तिले पैसे." ठराव लिहिला. दीड हजार, तीन हप्त्यांत परतफेड.

ताई आशाताईंसोबत तालुक्याला गेल्या. पोरीची दाढ दोन फेऱ्यांत वाचली. उपचार सरकारी दवाखान्यात झाल्यामुळे पैसे गाडीभाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत गेले, आणि उरलेले त्यांनी पुढच्याच बैठकीत परत केले. पण त्या दिवशी त्यांनी नऊ वर्षांच्या मुलालाही सोबत नेलं होतं. त्याची खालची पाचवी दाढ दोन वर्षांपूर्वीच काढलेली होती. मागची दाढ पुढे झुकली होती आणि निम्मी जागा गेली होती. त्याला आता नागपूरला नेऊन दाखवायचं आहे. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, त्याच्या वेळी कोणी सांगतलं असतं तर." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा पाठ लिहिला तो त्याच दिवशी रात्री.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. ते सूत्र फक्त हिमोग्लोबिनपुरतं नाही, लेकराच्या तोंडापर्यंतही जातं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीने घरातल्या ३ ते १२ वर्षांच्या पोरांचे दात मोजून यायचं. काळा डाग, खड्डा, सूज दिसली का ते सांगायचं.

२. सहा वर्षांवरच्या पोरांची सहावी दाढ आली का आणि ती चांगली आहे का ते पाहायचं.

३. कोणाच्या पोराची दुधाची दाढ वेळेआधी काढली आहे का? असेल तर नाव वहीत लिहून आशाताईंना कळवायचं.

४. बाल स्वास्थ्य पथक आपल्या शाळेत आणि अंगणवाडीत कधी येणार, ही तारीख विचारायची जबाबदारी एकीने घ्यायची.

५. चर्चा करा : दुखणाऱ्या दाढेसाठी कर्ज मागायला आपल्याला लाज का वाटते? बैलाच्या औषधासाठी मागताना वाटते का?

दात पडला की तो खुशाल कौलावर फेका, उंदीरमामाला हाकही मारा. फक्त तो आपल्या वेळेला पडलेला असू द्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक